ही शीर पळते

उत्तम शुक्रवारी सात जण बोलतात,
यंदा माझ्याकडे तिसरा उद्गार आला.
पाळकसाहेब म्हणाले, दहा मिनिटं, जास्त नको,
छावणीत दुपारची लाइट जाते,
लोक तीन तास पंख्याविना बसतात.

मी वही घेऊन दवाखान्यात आले.
दुसरा मजला, खाली सरवटेकडे वळणाऱ्या बसचे हॉर्न,
आणि अकरा नंबरच्या कॉटवर आई.
सिस्टर दुर्कस आढाव. याच वॉर्डात एकतीस वर्षं
तिनं चादरींचे कोपरे दुमडले.
आता तिच्या हाडांत ते शिरलंय
ज्याचं नाव ती पेशंटसमोर कधी घ्यायची नाही,
नातेवाइकांना व्हरांड्यात बोलावून सांगायची.
मलाही तिनंच सांगितलं.
व्हरांड्यात नेऊन.

वहीत मी लिहिलं होतं:
खिळ्यांवर अंग तोलून श्वास घ्यावा लागतो,
तेव्हा प्रत्येक शब्द महाग पडतो.
आणि तो माणूस तो श्वास खर्चतो कशावर?
आईच्या राहण्याजेवणाच्या सोयीवर.
वाक्य बरं वाटलं. म्हणून खोडलं.

साडेपाचला थावरी डावर आली,
अलीराजपूरकडची, पहिल्या वर्षाची,
ट्रेमध्ये सुई, वरच्या ओठावर घाम.
एकदा टोचली. शीर निसटली.
दुसऱ्यांदा मनगटाशी जांभळं फुगलं.
तिसऱ्यांदा तिचाच हात थरथरू लागला.
मी उठले. म्हटलं, कुणीतरी सीनियरला बोलवा.

आई म्हणाली, तू बस.
मग तिच्याशी हिंदीत, ड्यूटीवरच्या आवाजात:
ही शीर पळते. अंगठ्यानं खालून ताणून धर.
अशी. माझ्या तोंडाकडे बघू नकोस, सुईकडे बघ.
दुखायचं काम माझं आहे, तुझं नाही.

सुई गेली. नळीत लाल थेंब वर चढला
आणि पोर रडायला लागली.
जेवलीस का, आईनं विचारलं.
(पाच रात्री मी त्या लोखंडी स्टुलावर काढल्या होत्या.
मला नव्हतं विचारलं.)
मेस बंद झाली होती, असं काहीतरी ती पुटपुटली.
आईनं तिच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे.
पुढचं वाक्य जमवायला तिला फार वेळ लागला:
आपल्या घरी ताटं आहेत ना जास्तीची.
एवढंच.
मग डोळे मिटले,
आणि तेव्हा कुठे म्हणाली, पाणी.

शास्त्रात तसंच आहे.
आईची सोय आधी, तहान नंतर.
चाळीस वर्षं ऐकत आले,
हा क्रम कधी दिसला नव्हता.

शुक्रवारी मी चार मिनिटंच बोलले.
लाइट गेली नाही. लोकांना जरा चुकल्यासारखं झालं.
ईस्टरनंतर नवव्या दिवशी आई गेली.

शिष्य तिला आपल्या घरी घेऊन गेला,
यापुढे त्या घराबद्दल अक्षर नाही.
कोणती खोली दिली, तिची भाकर त्याला रुचली का,
रात्री ती उठून बसायची तेव्हा
तो झोपेचं सोंग घ्यायचा का,
दोघं एकमेकांवर कधी चिडली का.
लिहिणाऱ्याला हे सांगावंसं वाटलं नसेल.

माझ्या घरचं सांगते.
थावरी रविवारी येते.
पोह्यांवर एवढी शेव घालते की पोहे दिसत नाहीत.
बाथरूमचा दिवा चालू ठेवते.
आईच्या कपाटाला हात लावत नाही.
ती मला आवडते, असं अजून म्हणवत नाही.

परवा मला ताप होता.
तिनं माझं मनगट धरलं,
सवयीनं अंगठ्यानं कातडी ताणली,
खिडकीच्या उजेडात निरखून पाहिली
आणि हसली.
म्हणाली, तुमचीपण पळते.